घरगुती हीट पंप बसवायचं काम: सुरक्षितता, हाताची तयारी आणि सर्टिफिकेट



या आठवड्याच्या व्हिडिओत हीट पंपाच्या धंद्याचं गणित सांगितलं. वीस मिनिटांत गणितच कसंबसं मावलं, प्रत्यक्ष काम राहून गेलं. ते इथं सविस्तर लिहितो. कारण या धंद्यात चूक झाली की नुसता तोटा होत नाही. कुणाला तरी बाथरूममध्ये शॉक लागतो, नाहीतर आपलाच पोरगा गच्चीवरून खाली येतो.

मी बीबीए झालेला दुकानदार. पाइपला ज्योत मी लावत नाही. पण माल मी विकतो, काम मी देतो आणि तक्रार आली की पहिला फोन मलाच येतो. त्यामुळं कुणाचं काम टिकतं, कुणाचं सहा महिन्यांत उखडतं आणि का, हे काउंटरमागं उभं राहून बऱ्यापैकी कळतं. ज्यांना हीट पंप बसवायचं काम सुरू करायचंय आणि "आयटीआय करू, छोटा कोर्स करू, का सरळ कुणाच्या हाताखाली जाऊ" या घोळात जे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी मशीन समजून घ्या

हीट पंप म्हणजे उलटा फ्रिज. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून टाकीतल्या पाण्यात टाकतो. कंप्रेसर, दोन कॉइल, एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि मधून फिरणारा गॅस. एसी येणाऱ्याला यात नवीन फारसं काही नाही, हे लक्षात ठेवा. पुढं सर्टिफिकेटच्या वेळी उपयोगी पडेल.

ग्राहकाला समजवायचं गणित असं. 200 लिटर पाणी 25 अंशांवरून 55 अंशांवर न्यायला साधारण 7 युनिट उष्णता लागते. गिझर असेल तर मीटरवर 7 युनिट पडतात. हीट पंप 1 युनिट विजेवर हवेतली धरून सुमारे 3 युनिट उष्णता देतो, म्हणजे तेच पाणी साधारण 2.3 युनिटमध्ये तापतं. हवा जितकी थंड तितका हा आकडा घसरतो. पण आपल्याकडं कोल्हापूर जिल्ह्यात थंडी अशी किती पडते? युरोपात बर्फ पडताना हीट पंप चालवायला जी कसरत करावी लागते, ती आपल्याला करावी लागत नाही.

मग सोलर असताना हे कोण घेणार? पावसाळ्यात विचारा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन दिसत नाही आणि घरात नेमकं तेव्हाच गरम पाणी लागतं. सोलरवाल्या घरात त्या चार महिन्यांत एक तर गिझर चालतो, नाहीतर परड्यातला जुना बंब परत पेटतो. हीट पंपाला ऊन लागत नाही, हवा लागते. तुमचा ग्राहक तिथं आहे.

मशीन दोन प्रकारची येतात. एकात सगळं एकाच डब्यात किंवा टाकीच्या डोक्यावर बसवलेलं असतं. गॅस कारखान्यातच भरून सील केलेला असतो, तुम्ही फक्त पाणी आणि वीज जोडायची. दुसरा स्प्लिट, म्हणजे बाहेरचं युनिट वेगळं, टाकी वेगळी आणि मधे तांब्याची पाइप. माझा सल्ला स्पष्ट आहे. पहिलं वर्ष सीलबंद प्रकारच विका आणि बसवा. त्यात चूक व्हायला जागा कमी असते आणि ग्राहकालाही देखभाल सोपी पडते. तांब्याच्या पाइपला हात लावायचा तो शिकून, परीक्षा देऊन.

जागा बघायला गेल्यावर

बहुतेक पोरं जागा बघायला जातात म्हणजे कुठं भोक पाडायचं ते बघून येतात. तेवढ्यानं भागत नाही.

पहिलं, वजन. 200 लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचंच वजन 200 किलो. वर टाकीचं आणि मशीनचं वेगळं. जुन्या घराच्या माळ्यावर, सज्जावर किंवा पत्र्याच्या अँगलवर ते ठेवायचं नाही. खाली भिंत किंवा बीम आहे ना, हे घर बांधलेल्या गवंड्याला नाहीतर इंजिनिअरला विचारा.

दुसरं, हवा. हीट पंप हवेतली उष्णता ओढतो आणि थंड हवा बाहेर टाकतो. बंद कोठीत ठेवला तर तो स्वतःचीच थंड हवा पुन्हा ओढत बसतो आणि बिल वाढतं. पाणीही ठिबकतं, कारण थंड कॉइलवर हवेतला ओलावा जमतो. त्याची ड्रेन पाइप उताराने काढा, नाहीतर शेजाऱ्याच्या भिंतीला ओल येऊन भांडण तुमच्या दारात येईल.

आता हुपरीतल्या पोरांसाठी खास. आपल्या गावात किती घरांत चांदीचं काम चालतं ते मी सांगायला नको. पुढच्या खोलीत टॉर्च पेटलेली, मागं ॲसिडचं भांडं आणि त्याच घरात आंघोळीचं पाणी. इथं तीन गोष्टी तपासा. काही नव्या मशीनमध्ये आर-290 गॅस असतो. आर-290 म्हणजे शुद्ध प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. गळती झाली तर हवेत साधारण 2 टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो, आणि हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साठतो. ज्या खोलीत टॉर्च चालते तिथं असं मशीन बसवायचं नाही. ग्राहक कितीही म्हणू दे, "अहो, आमचं चालतंय." आर-32 इतक्या सहज पेटत नाही, पण तोही पेटणाऱ्यातच मोडतो. आणि आर-32, आर-134ए, आर-410ए यांपैकी कुठलाही गॅस ज्योतीत सापडला तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइड हा अतिशय विषारी वायू तयार होतो. म्हणून कामाची खोली आणि मशीन यांत भिंत पाहिजे, मशीन उघड्यावर असलं तर उत्तमच.

ॲसिडचं वेगळं. चांदी साफ करताना उठणारी वाफ मशीनच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना आणि तांब्याच्या नळीला खाते. धुराड्याच्या तोंडासमोर मशीन ठेवलं तर कंपनी वॉरंटी नाकारेल, आणि तुम्ही जागा निवडली म्हणून ग्राहक तुमच्याकडं बघेल. इचलकरंजीकडं काम घेतलं तर लूमच्या कापसाचे तंतू पात्यांत अडकतात. साखर कारखान्याच्या आसपास गाळप हंगामात गच्चीवर काळी राख पडते. अशा ठिकाणी दर दोन-तीन महिन्यांनी कॉइल धुवायचं काम दरपत्रकातच लिहा. ती तुमची कायमची कमाईही आहे.

शिरोळकडं किंवा नदीकाठच्या गल्लीत काम असेल तर 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी घरात कुठंवर आलं होतं, ते घरातल्या माणसाला विचारा. बऱ्याच भिंतींवर खूण अजून आहे. मशीन आणि स्विचबोर्ड दोन्ही त्या खुणेच्या वर. बुडालेलं मशीन वाळवून परत चालू करायचा प्रयत्न करू नका.

आणि उंची. खिडकीबाहेरच्या छज्जावर एका पायावर उभं राहून युनिट ओढणारी पोरं मी बघितलीत. बघणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट घ्या, दोर पक्क्या आधाराला बांधा आणि दोन माणसांशिवाय गच्चीच्या कडेला काम करू नका. सुरुवातीच्या सामानाच्या यादीत ड्रिल मशीनच्या आधी बेल्ट लिहा.

वीज

नेमप्लेट वाचल्याशिवाय वायर निवडू नका. कंप्रेसर कमी वीज घेतो, पण बहुतेक मशीनमध्ये मदतीला हीटिंग एलिमेंटही असतो, आणि दोन्ही एकदम चालू होऊ शकतात का हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला वाचवतो. ग्राहक म्हणतो, "एमसीबी आहे की, अजून खर्च कशाला?" त्याला हेच वाक्य सांगा.

आपल्याकडच्या जुन्या घरांत सगळ्यात घातक प्रकार म्हणजे अर्थिंग नसताना सॉकेटच्या अर्थिंगच्या पिनला न्यूट्रल जोडून दिलेली असते. टेस्टर लावून बघितलं तर सगळं ठीक दिसतं. मग एखाद्या दिवशी बाहेर न्यूट्रल तुटते आणि मशीनच्या पत्र्यात, नळात, शॉवरमध्ये करंट येतो. अंग ओलं, पाय ओल्या फरशीवर. त्यामुळं अर्थिंग खरंच जमिनीत गेलेलं आहे का, हे अर्थ टेस्टरनं मोजून घ्या. नसेल तर नवीन अर्थिंग करा, आणि ग्राहक नको म्हणाला तर काम सोडून द्या. मी माझ्याकडच्या मुलांना हेच सांगतो, त्या कामाचे पैसे मला नकोत.

एक कायद्याची गोष्ट. घरात नवीन लाइन ओढायचं काम परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून करून घ्यायचं असतं. तुमच्याकडं तारतंत्रीचा परवाना नसेल तर गावातल्या परवाना असलेल्या माणसाशी जोडी जमवा. त्याचे पैसे दरपत्रकात वेगळे दाखवा, लपवू नका.

दुरुस्तीच्या वेळी मेन बंद करून त्यावर टेप लावा आणि "काम चालू आहे" अशी पाटी अडकवा. घरातलं पोरगं येऊन स्विच दाबतं, ही शक्यता कायम धरून चाला. मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहतो. तो रेझिस्टरमधून उतरवायचा आणि मीटर लावून खात्री करायची. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी उडवायची सवय लावून घेऊ नका.

पाणी

इथं थोडक्यात, कारण आपल्या प्लंबरांना यातलं बरंच येतं. पाणी तापलं की फुगतं. टाकी बंद असेल तर दाब वाढतो. तो सोडायला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, आणि काही महाभाग तो ठिबकतोय म्हणून प्लग मारून बंद करतात. ते कधीही करू नका, दुसऱ्यानं केलेलं दिसलं तर ग्राहकाला लगेच सांगा. व्हॉल्व्हची नळी खाली, माणसाच्या अंगावर पाणी येणार नाही अशा ठिकाणी उघडी सोडा. वरच्या टाकीतून 10 मीटर खाली आलेल्या पाण्याचा दाब साधारण 1 बार असतो, पण प्रेशर पंप असेल तर तो किती दाब देतो हे आधी बघा.

60 अंशांचं पाणी अंगावर पडलं तर काही सेकंदांत भाजतं. घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर मिक्सिंग व्हॉल्व्ह सुचवा. बोअरचं जड पाणी असेल तर टाकीतला मॅग्नेशिअमचा रॉड कधी बदलायचा ती तारीख वहीत टाका.

गॅस: इथं परीक्षा आहे

आता मुख्य भाग. स्प्लिट मशीनला हात लावायचा तर हे सगळं हाताला सवयीचं झालं पाहिजे. यातलं काहीही ग्राहकाला दिसत नाही, म्हणूनच ते वगळायचा मोह होतो.

पाइपचं फ्लेअर. दोन सूत, तीन सूत, चार सूत अशी पाइप आपण म्हणतो. कापायला कटरच वापरा, हॅक्सॉ नको, कारण बुरा आत जातो. कापल्यावर आतली धार काढताना पाइपचं तोंड खाली धरा. नट साध्या पान्यानं "अंदाजानं" आवळला की एक तर फ्लेअर चिरतो, नाहीतर सैल राहतो. दोन सूतच्या नटाला साधारण 14 ते 18 न्यूटन मीटर, तीन सूतला 33 ते 42, आणि नेमका आकडा मॅन्युअलमधला. त्यासाठी टॉर्क पाना घ्या. गळतीच्या निम्म्या कटकटी इथंच संपतात, असा माझा दुकानातला अंदाज आहे.

ब्रेझिंगमध्ये हुपरीच्या पोरांना जन्मतः थोडी आघाडी आहे. ज्यानं लहानपणापासून घरात झाळकाम बघितलंय, त्याला ज्योतीचा रंग आणि धातू कधी तयार झाला हे सांगावं लागत नाही. आपले कारागीर टाकणखार वापरतात त्याच कारणासाठी तांबं-पितळेच्या सांध्याला फ्लक्स लागतो. तांब्याला तांबं जोडताना फॉस्फरसवाली कांडी वापरली तर फ्लक्सही लागत नाही. पण एक फरक आहे. पैंजणाला आतली बाजू अशी नसते, पाइपला असते. तापवताना आत हवा असेल तर तिथं काळी खपली धरते. पुढं ती सुटून फिल्टरमध्ये आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये अडकते. म्हणून ब्रेझिंग चालू असताना पाइपमधून नायट्रोजन अगदी हळू सोडत राहायचा. आणि ज्योत लावण्याआधी पाइपमधला गॅस पूर्ण काढलेला पाहिजे. जवळ अग्निशामक ठेवा, खोलीची खिडकी उघडी ठेवा.

दाबाची चाचणी कोरड्या नायट्रोजननं करायची, ऑक्सिजननं कधीही नाही. हे वाक्य मी व्हिडिओत तीन वेळा म्हटलं, इथं चौथ्यांदा लिहितो. वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजन सहज मिळतो, म्हणून लोक तो लावतात. कंप्रेसरमध्ये तेल असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की स्फोट होतो, ठिणगीचीही गरज लागत नाही. जगभर या एका कारणानं मेकॅनिक मेलेत. नायट्रोजनच्या सिलिंडरलाही रेग्युलेटर लावल्याशिवाय हात लावायचा नाही, भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण 150 बार दाब असतो. सिलिंडरच्या रंगावर जाऊ नका, लेबल वाचा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबापर्यंत टप्प्याटप्प्यानं चढवा, साबणाचा फेस लावा आणि गेजचा आकडा लिहून ठेवून थांबा. थांबणं हाही कामाचाच भाग आहे.

त्यानंतर व्हॅक्यूम. पूर्वी आर-22 च्या काळात थोडा गॅस सोडून पाइपमधली हवा "उडवायची" पद्धत होती, अजूनही चालते. आर-32 आणि आर-410ए च्या मशीनमधलं तेल ओलावा शोषून घेतं, आणि आत ओलावा राहिला की ॲसिड होऊन कंप्रेसर आतून खराब होतो. पंप लावून 500 मायक्रॉनच्या खाली न्यायचं. मायक्रॉन गेजवरच हे कळतं, साध्या गेजच्या काट्यावर कळत नाही. मग पंप बंद करून दहा मिनिटं बघा. आकडा भराभर चढत राहिला तर गळती आहे. थोडा चढून थांबला तर ओलावा अजून आहे, पंप पुन्हा चालवा.

जुने गेज आणि होज नव्या गॅसला चालतील असं समजू नका. कॉइल 45 अंशांवर असताना आर-22 चा दाब साधारण 17 बार असतो, आर-32 चा जवळजवळ 28. म्हणजे दीडपटीहून जास्त.

मशीन काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतात, त्याला पंप डाऊन म्हणतात. कंप्रेसर चालू असतानाच पाइप सैल केली तर तो हवा ओढतो. हवा, तेलाची वाफ आणि प्रचंड दाब म्हणजे डिझेल इंजिनमध्ये होतं तेच, फक्त इथं पिस्टनच्या ऐवजी युनिटच फुटतं. आधी व्हॉल्व्ह बंद, मग कंप्रेसर बंद, मग मेन बंद, आणि त्यानंतरच पाना.

गॅस हवेत सोडून द्यायचा नाही. रिकव्हरी मशीननं सिलिंडरमध्ये घ्यायचा, आणि तो सिलिंडर 80 टक्क्यांच्या वर भरायचा नाही, कारण उन्हात द्रव फुगला की त्याला जागा लागते. आर-32 चा एक किलो हवेत गेला तर 675 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरून ठेवतो, आर-410ए चा 2000 किलोहून जास्त. भारतानं 2021 मध्ये किगाली करार मान्य केलाय. त्यानुसार 2028 मध्ये या गॅसचं प्रमाण गोठवायचं आणि 2032 पासून टप्प्याटप्प्यानं कमी करायचं. म्हणजे गॅस बदलत राहणार, आणि दर वेळी नवीन शिकावं लागणार.

सर्टिफिकेट कुठलं आणि तयारी कशी

अमेरिकेत कलम 608 ची परीक्षा पास झाल्याशिवाय असे गॅस हाताळता येत नाहीत. युरोपातही सर्टिफिकेट लागतं. आपल्याकडं ग्राहक दारात कार्ड मागत नाही, म्हणून कुणी परीक्षेच्या मागं लागत नाही. पण केंद्र सरकारच्या 2019 च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्येच एक लाख टेक्निशियनना प्रशिक्षण आणि सर्टिफिकेट द्यायचं उद्दिष्ट लिहिलेलं होतं. दिशा कुठली आहे ते ओळखा.

दहावी झालेल्यानं, घरची परिस्थिती परवानगी देत असेल तर, आयटीआयचा रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड करावा. प्रवेश दहावीच्या निकालानंतर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत ऑनलाइन होतात. तुमच्या जवळच्या आयटीआयमध्ये हा ट्रेड आहे का आणि जागा किती, हे फॉर्म भरायच्या आधी स्वतः जाऊन विचारा. दोन वर्षांनंतर अप्रेंटिस म्हणून एक वर्ष कंपनीत काढलं तर तुम्ही बाजारातल्या बऱ्याच लोकांच्या पुढं असाल.

दोन वर्षं देता येत नसतील तर स्किल इंडियाखालचा एसीच्या फील्ड टेक्निशियनचा छोटा कोर्स बघा. किंवा बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, चौकशी करा. तिथलं प्रशिक्षण मोफत असतं आणि नंतर कर्जाच्या अर्जालाही मदत होते. आधीच चार-पाच वर्षं हाताखाली काम केलेल्यांसाठी आरपीएल आहे, म्हणजे येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट. केंद्राच्या ओझोन सेलच्या कार्यक्रमातही काम करणाऱ्या मेकॅनिकसाठी छोटी प्रशिक्षणं होतात. हीट पंपासाठी वेगळं काही शोधत बसू नका. एसीचा पाया पक्का करा आणि ज्या कंपनीचा माल बसवणार तिचं ट्रेनिंग वर जोडा.

कोर्स निवडताना माझा एकच प्रश्न असतो: व्हॅक्यूम पंप आणि ब्रेझिंगचा सेट किती, आणि बॅचमध्ये मुलं किती? तीस मुलांत एक टॉर्च असेल तर तुम्ही ब्रेझिंग बघाल, शिकणार नाही.

लेखी परीक्षेत पर्यायांचे प्रश्न असतात. पाठांतरापेक्षा तोंडी हिशेब करा. उदाहरणार्थ, सक्शनच्या दाबाशी जुळणारं तापमान 5 अंश आहे आणि पाइपवर थर्मामीटर 12 दाखवतो, तर सुपरहीट 7. बाहेरच्या दाबाशी जुळणारं तापमान 45 आणि द्रवाच्या पाइपचं 39, तर सबकूलिंग 6. हे आकडे वर-खाली झाले की गॅस कमी आहे का जास्त, का कॉइल घाण आहे, एवढं सांगता आलं की निम्मी तयारी झाली. तोंडी परीक्षेत "का" विचारतात. ऑक्सिजन का नाही, 80 टक्केच का, आर-410ए द्रव स्वरूपातच का भरायचा? शेवटच्याचं उत्तर असं की तो दोन गॅसचं मिश्रण आहे, वाफ काढली तर प्रमाण बिघडू शकतं.

प्रॅक्टिकलसाठी भंगारातून तांब्याची तुकडे-पाइप आणा. रोज दहा फ्लेअर, पाच सांधे. ब्रेझ केलेला सांधा करवतीनं उभा कापा आणि कांडी आत किती गेली, काळी खपली आहे का ते बघा. महिनाभर हे केलं तर परीक्षकासमोर हात थरथरणार नाही.

दर सांगताना

समजा तुम्ही एका स्प्लिटच्या बसवणीचे 2000 सांगता आणि दुसरा 1200 मध्ये करतो. तो व्हॅक्यूम करत नाही, दोन तासांत उठतो, तुम्हाला चार लागतात. ग्राहक त्याच्याकडं गेला तर वाईट वाटून घेऊ नका. त्याच्या कामात वर्षात दोन वेळा गॅस गळाला तर एका फेरीत अर्धा दिवस 500, पेट्रोल 100, गॅस 900. दोन फेऱ्यांचे 3000, आणि वर ग्राहकाच्या शिव्या. हे गणित ग्राहकापुढंही मांडता येतं, पण त्यासाठी हातात कागद पाहिजे.

तो कागद असा करा: ग्राहकाचं नाव, मशीनचा नंबर, गॅसचा प्रकार आणि वजन, नायट्रोजनचा दाब किती वाजता किती होता आणि किती वेळानं किती राहिला, व्हॅक्यूमचा शेवटचा आकडा, अर्थिंगचं मोजमाप, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर तो उडाला का, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून बघितला का. गेजचे फोटो मोबाईलवर काढून ग्राहकाला तिथंच पाठवा. खाली तुमची सही, त्याची सही. एक प्रत त्याला, एक तुमच्या फाइलला. बँकेत मुद्राच्या शिशु गटातलं 50 हजारांपर्यंतचं कर्ज मागायला जाल, तेव्हा हीच फाइल टेबलावर ठेवा.

पुढच्या व्हिडिओत या कागदाचा नमुना आणि सुरुवातीच्या हत्यारांची यादी, आधी काय घ्यायचं आणि भाड्यानं काय चालेल, हे दाखवतो. तोवर जवळच्या आयटीआयत एक चक्कर मारून या.